प्रवासात मोडलेली गिटार: तारा ताणण्याआधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पार्सलने आलेली गिटार बिघडते तेव्हा बिघाडाच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात: नटच्या मागचा हेडस्टॉकचा गळा, ब्रिजची मागची कड, पोटातले ब्रेस, बुडाकडचा जॅक आणि निखळून पडणारे बारीकसारीक भाग. (नेक म्हणजे मान, हेडस्टॉक म्हणजे तिच्या टोकाचं खुंट्यांचं डोकं, नट म्हणजे त्या दोन्हींच्या मधली तारांच्या खाचांची पट्टी. ब्रिज म्हणजे अंगावर तारा टेकतात तो भाग, ब्रेस म्हणजे पाटीला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या, जॅक म्हणजे केबल लावायची जागा.) खोका कुठेही चेपलेला नसतो आणि आत हेडस्टॉक तुटलेला असतो, हेही नेहमीचंच. केस पाठीवर आडवी आपटली की गिटारचं अंग गादीवर थांबतं, पण सहा ट्यूनरचं (तारा ताणायच्या खुंट्यांचं) वजन घेऊन अधांतरी असलेला हेडस्टॉक थांबत नाही. त्याला हिसका बसतो आणि लाकूड नटच्या मागे फाटतं. त्यासाठी खोक्यावर ओरखडासुद्धा उमटावा लागत नाही.

पहिला फटका वाहतुकीत बसतो. दुसरा, आणि पुष्कळदा जास्त नुकसान करणारा, घरी बसतो: गिटार बाहेर काढून लगेच सुरात आणली जाते, दिसलेल्या भेगेत सुपरग्लू सोडला जातो, किंवा ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) बिघडलेली वाटली म्हणून ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा वाक कमीजास्त करायचा धातूचा दांडा) फिरवला जातो. अकूस्टिक गिटारवर १२-५३ चा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) स्टीलचा संच सुरात असताना सहा तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या वर जातो. इलेक्ट्रिकवर १०-४६ चा संच ४५ किलोंच्या आसपास आणि नायलॉनच्या तारा ४० किलोंच्या आसपास ओढतात. केसाएवढी भेग या ताणाखाली उघडते, तिच्या कडा एकमेकींवर घासतात, आणि नुसत्या गोंदाने जुळली असती अशी जागा लाकूड बसवून जोडावी लागते. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्यांचा पाया एकच: हेडस्टॉक, ब्रिज आणि नेकचा सांधा धड आहेत याची खात्री होईपर्यंत तारा सैल ठेवायच्या.

लक्षणं

- सुरात लावलेली गिटार काही तासांत सगळ्या तारांवर उतरते, पुन्हा लावली की पुन्हा उतरते. नव्या तारांचा सूरही उतरतो, पण तो दिवसागणिक स्थिरावतो. सहाही तारा एकदम आणि सतत उतरत असतील तर काहीतरी सरकतंय: हेडस्टॉकची भेग, ब्रिज किंवा नेकचा सांधा.
- तारा फ्रेटबोर्डपासून अचानक खूप उंच गेल्यात, किंवा उलट, पहिल्या चारपाच फ्रेटवर झणझणतात.
- एखादाच सूर वाजवला की पोटातून खरखर येते, बाकीचे सूर स्वच्छ असतात.
- हलवली की आत काहीतरी खुळखुळतं.
- सर्वांत बारीक तार दाबताना फ्रेटबोर्डच्या काठावरून खाली घसरते.
- इलेक्ट्रिकमधून आवाजच येत नाही, केबल हलवली की येतो-जातो, किंवा नुसती जाड घूंऽऽ ऐकू येते.
- फ्रेटची टोकं हाताला बोचतात, किंवा पॉलिशवर बारीक रेषांचं जाळं उमटलंय. हे आपटल्याचं लक्षण नाही. हवामानाचं आहे.

खोका न उघडता

इथे खर्च शून्य, आणि भरपाई मिळवायची तर सगळ्यांत मोलाची हीच पायरी. सहाही बाजूंचे फोटो, लेबलाचा फोटो, भोकं, ओल, पुन्हा चिकटवलेली टेप यांचे जवळून फोटो. मग न थांबवता एकाच व्हिडिओत खोका उघडायचा: आतलं पॅकिंग, केस खोक्यात कशी बसली होती, हेडस्टॉकभोवती भरण होतं की नव्हतं. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण कुरियर जवळजवळ नेहमीच पॅकिंग अपुरं होतं असं म्हणतो आणि विक्रेता वाहतुकीकडे बोट दाखवतो. त्या वादात कामाला येतं ते उघडतानाचं चित्र. नंतर काढलेले फोटो तितके चालत नाहीत.

खोका, फोम, कागद, काहीही टाकू नका. बाहेरून न दिसणारं नुकसान कळवायची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते, तेव्हा शंका जरी असली तरी त्याच दिवशी विक्रेता आणि कुरियर दोघांनाही लेखी कळवा. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत गिटारला गोंदाचा थेंबही लावू नका. दुरुस्तीला हात घातला की मूळ नुकसान किती होतं हे दाखवता येत नाही.

बाहेर कडाक्याची थंडी किंवा तापलेलं ऊन असेल तर केस लगेच उघडू नका. खोक्यातून काढा, बाहेरून फोटो घ्या आणि केस बंद ठेवूनच खोलीत १२ ते २४ तास राहू द्या. थंडगार गिटारला एकदम उबदार हवा लागली की पॉलिश आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि पॉलिशला तडे जातात. नायट्रोसेल्युलोज लॅकर यात सर्वांत नाजूक. हवामान मध्यम असेल तर तासाभराने उघडायला हरकत नाही.

सुटे भाग आणि खुळखुळ

उघडल्यावर आधी तारा सैल करा. सहाही तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने. एकदम पूर्ण काढू नका. ट्यून-ओ-मॅटिक पद्धतीच्या (दोन खिळींवर नुसत्या ठेवलेल्या) ब्रिजला आणि त्यामागच्या टेलपीसला (तारांची टोकं अडकवायच्या भागाला) तारांच्याच ताणाने जागेवर धरलेलं असतं. तारा निघाल्या की दोन्ही सुटून पडतात आणि पॉलिशला खड्डे पाडतात.

मग केस आणि खोका चाळून पाहा. नट, सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी), ब्रिजच्या पिना, ट्यूनरचे छोटे स्क्रू, ट्रस रॉडचं झाकण, सगळं कागदाच्या चुरगाळ्यात सापडू शकतं. नट आणि सॅडल धक्क्याने निघणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. नट दोन थेंब गोंदावर बसवलेला असतो आणि सॅडल तर खाचेत नुसतं घट्ट बसतं. सॅडल परत ठेवताना त्याची जाड तारांकडची बाजू कोणती ते पाहा: उंच टोक सहसा जाड तारांकडे. खाली पिएझो पट्टी (तारांचं कंपन विजेत बदलणारा पिकअप) असेल तर ती सपाट बसलीय ना हे बघा, नाहीतर एकदोन तारांचा आवाज दबून येतो.

अकूस्टिकच्या पोटात खुळखुळत असेल तर ती बहुधा प्रीॲम्पची (आवाज वाढवणाऱ्या आतल्या सर्किटची) ९ व्होल्टची बॅटरी असते. चिकटपट्टीवरून सुटलेली बॅटरी प्रवासभर आत आपटत राहते आणि ब्रेसना खोक पाडते. ती बाहेर काढा, आणि ती ज्या भागात फिरत होती तिथले ब्रेस पुढे आरशाने नीट पाहा. ट्रेमोलो (दांडा दाबून सूर खालीवर करायचा ब्रिज) असलेल्या इलेक्ट्रिकमध्ये खुळखुळ आली तर मागचं झाकण उघडा. सुटलेली स्प्रिंग परत आकड्यात अडकवली की काम झालं. मात्र फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज असेल तर ब्रिज ज्या दोन खिळींवर टेकतो, त्या लाकडात हलतायत का हेही तपासा. खिळीभोवतीचं लाकूड फुटलं असेल तर ते कारागिराचं काम.

हेडस्टॉक

इथे घाई नको. गिटार पाठीवर ठेवा, नेकखाली नटच्या अलीकडे गुंडाळलेला टॉवेल द्या, तारा पूर्ण सैल. खोलीतला दिवा मंद करा आणि टॉर्चचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. सरळ प्रकाशात न दिसणारी रेघ तिरक्या प्रकाशात सावली टाकते.

पाहायच्या जागा: नेकच्या पाठीवर नटपासून पहिल्या दोन ट्यूनरपर्यंतचा भाग, त्याच्या दोन्ही कडा, आणि समोरून नटला लागून ट्रस रॉडच्या झाकणाभोवती. झाकणाचे स्क्रू काढून आतही बघा. पुष्कळ गिटारींमध्ये ट्रस रॉडची खाच इथेच संपते, म्हणजे लाकूड सर्वांत कमी आणि वाक सर्वांत जास्त अशी ही जागा. गिब्सनच्या परंपरेत हेडस्टॉक सुमारे १७ अंशांनी मागे झुकलेला असतो आणि नेक महोगनीच्या एकाच तुकड्यातून कोरलेला. त्यामुळे गळ्याशी लाकडाचे धागे आखूड आणि तिरके कापले जातात. फेंडर पद्धतीचा मेपलचा सपाट हेडस्टॉक याच कारणाने क्वचित तुटतो. तुमची गिटार पहिल्या जातीची असेल तर दुप्पट वेळ द्या.

रेघ दिसली तर ती पॉलिशची की लाकडाची? पॉलिशचा तडा धाग्याची दिशा पाळत नाही, मध्येच तुटतो, आणि कडा दाबल्या तरी हलत नाहीत. लाकडाची भेग धाग्याबरोबर तिरकी धावते आणि बहुधा कडेवरून वळून दुसऱ्या बाजूला जाते. शंका उरली तर एका हाताने नेक पहिल्या फ्रेटपाशी धरा आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने हेडस्टॉकचं टोक अगदी हलकं मागे दाबा, दाराची बेल वाजवताना लावतो तेवढ्याच जोराने. रेघ जाड होते का, कट् असा आवाज येतो का, नखाला एक कड वर लागते का? यांतलं एकही झालं तर भेग लाकडात आहे. पुन्हा दाबून खात्री करत बसू नका. फोटो काढा, तारा सैलच ठेवा, गिटार केसमध्ये परत ठेवा. पुढची कुठलीही तपासणी, विशेषतः ट्रस रॉडची, या गिटारवर करायची नाही.

पॉलिशवर आघाताच्या जागी पांढुरका डाग किंवा चकती दिसते, तीही लोकांना भेग वाटते. पॉलीयुरेथेनचा जाड थर लाकडापासून सुटला की तसं होतं. दिसायला वाईट, पण त्याने आवाजाला किंवा मजबुतीला धोका नाही. थंडीने पडलेलं रेषांचं जाळंही तसंच. दोन्हींची नोंद दाव्यात जरूर करा, कारण किंमत त्याने उतरते.

ट्यूनर

हेडस्टॉक धड निघाला तर प्रत्येक खुंटी फिरवून बघा. सारख्या जोराने फिरली पाहिजे. ट्यूनरचा दांडा वाकला असेल तर फेऱ्यातल्या एका ठराविक जागी ती जड होते. वाकलेला दांडा पकडीने सरळ करायला जाऊ नका. तो तुटतो, किंवा ट्यूनर धरून ठेवणाऱ्या लाकडात चीर पडते. तसाच दुसरा ट्यूनर मिळवून बदलणं सोपं, फक्त स्क्रूच्या भोकांमधलं अंतर जुळायला हवं. ट्यूनर नुसता डुलत असेल तर समोरचा षट्कोनी नट (बहुतेकांवर १० मिलिमीटरचा पाना बसतो) हलक्या हाताने कसा. आवळून बसवण्यात अर्थ नाही, खालचं लाकूड दबतं.

ब्रिज आणि वरची पाटी

अकूस्टिकवर ब्रिजची मागची कड तपासायला साध्या कागदाची चिटोरी पुरते. कडेच्या खाली ती चहूबाजूंनी सरकवून बघा. मिलिमीटरभर जाऊन अडली तर तो पॉलिशचा काठ असू शकतो. दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेली तर ब्रिज उचलतोय. हा बिघाड आपटण्यापेक्षा उष्णतेचा असतो. सुतारकामाचे नेहमीचे गोंद सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागतात, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान होतं. तारा ताणलेल्या असतील तर त्या ब्रिजला पुढे ओढतात आणि मागची कड सुटते.

उचललेल्या ब्रिजखाली बाहेरून गोंद ढकलून क्लॅम्प लावण्याचा मोह आवरा. जुन्या गोंदाच्या थरावर नवा गोंद नीट पकडत नाही. काम टिकवायचं तर ब्रिज पूर्ण काढून, दोन्ही पृष्ठभाग लाकडापर्यंत साफ करून पुन्हा बसवावा लागतो, आणि काढताना स्प्रूसचे धागे उपटून निघायला वेळ लागत नाही.

आता वरच्या पाटीवर, फ्रेटबोर्डच्या दोन्ही बाजूंना, साउंडहोलकडे (पाटीतल्या मोठ्या भोकाकडे) जाणाऱ्या दोन समांतर भेगा दिसतात का ते पाहा. या दिसल्या तर नेकखालचा ठोकळा आत सरकलाय, गिटार हेडस्टॉकच्या बाजूने किंवा बुडावर उभी आपटली आहे. एक लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत न्या: नेकचा कोन बरोबर असेल तर पट्टी ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला साधारण टेकते. बरीच खाली आपटत असेल तर कोन बदललाय. हे सॅडल घासून झाकता येत नाही. कारागीर.

बुडाकडे पट्टा अडकवायच्या जागीच जॅक असलेल्या गिटारी बुडावर पडल्या की सगळा भार त्या जॅकवर येतो. जॅक आत ढकललेला दिसला तर आतला ठोकळा फुटलाय का ते आरशाने बघितल्याशिवाय जॅकचा नट कसू नका. फुटका ठोकळा कसल्याने आणखी उघडतो.

पोटातली तपासणी

छोटा आरसा आणि टॉर्च चालतात. त्याहून सोपं म्हणजे तारा सैल करून फोन साउंडहोलमधून आत धरायचा आणि फ्लॅश चालू ठेवून व्हिडिओ घ्यायचा. चारही दिशांनी सावकाश. बघायच्या जागा: वरच्या पाटीखालचा एक्स ब्रेसचा (X सारखे एकमेकांना छेदणाऱ्या दोन मुख्य ब्रेसचा) चौक, ब्रिजखालची पट्टी, पाठीच्या आडव्या ब्रेसची टोकं, आणि कडा जोडणारी खाचांची पट्टी. ब्रेस आणि पाटी यांच्या मध्ये काळी रेघ दिसली तर तिथे कागदाची चिटोरी घालून बघा. गेली तर ब्रेस सुटलाय.

आवाजानेही कळतं. तारांवर हात ठेवून त्या गप्प करा आणि बोटाच्या पेराने पाठीवर, मग पुढच्या पाटीवर, दोन-दोन बोटं अंतरावर टकटक करा. घट्ट जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या ब्रेसपाशी त्यात बारीक खर मिसळते. एखाद्याच सुरावर येणारी खरखर हीच: त्या सुराच्या कंपनाने सुटलेलं टोक पाटीवर आपटतं. मात्र ब्रेसला दोष देण्याआधी तारांची लांब राहिलेली टोकं, सैल ट्यूनर, पट्ट्याचं बटण आणि प्रीॲम्पच्या सुट्या वायरी यांवर एकेक बोट ठेवून सूर पुन्हा वाजवा. अर्ध्या वेळेला खरखर तिथेच सापडते.

पाठीच्या ब्रेसचं टोक बोटभर सुटलं असेल आणि हात पोचत असेल तर ते घरी चिकटवता येतं: पातळ पट्टीने गोंद आत सारायचा, ओघळ ओल्या फडक्याने पुसायचा, आतून हलका आधार द्यायचा. आधार हलकाच हवा. आतून टेकू जोरात दिला तर समोरची पाटी फुगते आणि एक बिघाड दुरुस्त करताना दुसरा होतो. एक्स ब्रेसचा चौक सुटला असेल तर हात लावू नका. वरच्या पाटीचा बहुतेक ताण तोच पेलतो.

धाग्याबरोबर गेलेली पाटीची बारीक भेग, जिच्या दोन्ही कडा एकाच पातळीवर आहेत, ती पुष्कळदा कोरड्या हवेची असते. गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत आठवडाभर ठेवली की भेग मिटत येते. मिटली म्हणजे बरी झाली असं नाही. आतून स्प्रूसच्या छोट्या चकत्या आडव्या धाग्याने चिकटवाव्या लागतात, नाहीतर पुढच्या कोरड्या हंगामात ती पुन्हा उघडते. फ्रेटची बोचणारी टोकंही याच आर्द्रतेत बऱ्याच अंशी आत जातात, म्हणून आठवडा थांबल्याशिवाय कानस घेऊ नका. कडांच्या पातळीत फरक असेल किंवा भेग धागा तोडून गेली असेल तर ती आघाताची.

नेक: सरकलेला की वाकलेला

बारीक तार काठावरून घसरते ती बहुधा बोल्टने बसवलेल्या नेकवर. धक्क्याने नेक खोबणीत अर्धा मिलिमीटर तिरका होतो, बाकी काही बिघडलेलं नसतं. तारा अर्धवट सैल करा, मागचे चार स्क्रू पाव फेरा सोडा, नेक हळूच बाजूला ढकला, दोन्ही कडेच्या तारा काठापासून सारख्या अंतरावर आल्या की स्क्रू पुन्हा कसा. मात्र आधी खोबणीच्या कोपऱ्यांत बघा. तिथे पॉलिशचे तडे पुष्कळदा असतात, ते निरुपद्रवी. लाकूडच चिरलं असेल तर थांबा.

आता, आणि आत्ताच, गिटार सुरात आणायची. हेडस्टॉक, ब्रिज, सांधा तिन्ही धड निघाले असतील तरच. पाऊण ताणावर आणून अर्धा तास थांबा, गळ्याकडे पुन्हा टॉर्च मारा, मग पूर्ण सुरात.

नेकचा वाक मोजायला जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक अंगाला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्याच्या एक-दोन थरांनी अंदाज येतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, अजिबात नसेल तर उलट. एका वेळी अष्टमांश ते पाव फेरा, घट्ट करण्याआधी तारा थोड्या सैल, फिरवल्यावर पुन्हा सुरात आणून काही तास थांबायचं. ट्रस रॉडचा नट फिरेना किंवा करकरला तर तिथेच सोडा. तुटलेला ट्रस रॉड बदलायला बहुतेक वेळा फ्रेटबोर्ड काढावा लागतो. शिवाय लांबच्या प्रवासात हवा बदलली की नेक आपोआप थोडा हलतो. तीन-चार दिवस खोलीत राहिल्यावर पुष्कळ गिटारी कोणी हात न लावता जागेवर येतात.

इलेक्ट्रिकचा आवाज

दुसरी केबल लावून बघा. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) पिकअप किंवा प्रीॲम्प असेल तर नवी बॅटरी. यावर पुष्कळ प्रकरणं मिटतात. मग जॅकचा बाहेरचा नट सैल आहे का बघा. सैल जॅक केबलबरोबर फिरतो आणि आतली वायर पिळून तुटते, म्हणून कसताना आतून जॅक धरून कसायचा.

तरी आवाज नाही, तर गिटार न उघडता मोजता येतं. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या अणीवर आणि नळीवर मल्टिमीटर लावून रोध मोजा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) सिंगल कॉइलला, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपला, साधारण ५ ते ९ किलोओम, दोन गुंडाळ्यांच्या हंबकरला ७ ते १६. मीटरवर काहीच येत नसेल तर वायर तुटलीय. शून्याच्या जवळ असेल तर कुठेतरी वायरी टेकल्यात. स्विचच्या एकाच जागेवर गडबड असेल तर तो पिकअप किंवा स्विच. सगळ्या जागांवर असेल तर बहुधा जॅक. जॅकची सुटलेली वायर डाग देऊन जोडणं ज्याला सोल्डरिंग येतं त्याने घरी करावं. पिकअपची गुंडाळी तुटली असेल तर तिची केसाहून बारीक तार घरी जोडायच्या मागे लागू नका.

तुटलेला हेडस्टॉक घरी जोडायचा का?

सहसा नाही. तीन अटी पूर्ण होत असतील तरच विचार करा: दाव्याचा निकाल लागलाय, भेग लांब व तिरकी असून हाताने दाबल्यावर पूर्ण मिटते, आणि एकही तुकडा गहाळ नाही. लांब तिरक्या भेगेला गोंदाची जागा भरपूर मिळते आणि ती नुसत्या गोंदावर वर्षानुवर्षं टिकते. आखूड, जवळजवळ आडवी तुटलेली मान नुसत्या गोंदावर टिकत नाही. तिला आत पट्ट्या किंवा पाठीवर नवं लाकूड बसवावं लागतं.

सुपरग्लू का नको? भेग मिटायच्या आत तो सुकू लागतो, सुकल्यावर ठिसूळ राहतो, लॅकरवर ओघळला तर ते विरघळवतो, आणि धाग्यांत मुरून बसल्यामुळे पुढे योग्य गोंद लावायला लाकूडच उरत नाही. पहिल्या जोडणीलाच ताजं, स्वच्छ लाकूड मिळतं. ती संधी एकदाच असते. इपॉक्सीचंही जवळपास तेच.

टाइटबॉन्ड ओरिजिनलसारखा ॲलिफॅटिक (पिवळा सुतारी) गोंद घ्या. तारा आणि ट्यूनर काढा. तुटलेले धागे बोटाने चाचपू नका, कानशीने तर मुळीच घासू नका, ते एकमेकांत जसेच्या तसे बसायला हवेत. ट्रस रॉडच्या उघड्या टोकाला मेण लावा, नाहीतर गोंदाने तो कायमचा अडकेल. समोर सपाट लाकडी फळी, पाठीमागे बूच लावलेली वक्र फळी, मध्ये पातळ प्लास्टिक, असा सगळा जोड आधी गोंदाशिवाय लावून बघा. ही कोरडी तालीम टाळू नका, कारण गोंद लावल्यावर हातात ४ ते ६ मिनिटंच असतात. भेग किंचित उघडून सिरिंजने गोंद पार तळापर्यंत पोचवा, दोन-तीन क्लॅम्प लावा. सगळ्या कडेने गोंदाचे बारीक मणी बाहेर आले पाहिजेत. जिथे येत नाहीत तिथे आत गोंद नाही. ओल्या फडक्याने पुसा, २४ तास क्लॅम्प काढू नका, त्यानंतरही दोन-तीन दिवस तारा चढवू नका.

इथे थांबा

हेडस्टॉक पूर्ण वेगळा झालाय किंवा आखूड तुटलाय, भेग ट्रस रॉडच्या नटपर्यंत पोचलीय, नेकचा कोन बदललाय किंवा सांध्यात फट आहे, ब्रिज उचललाय, एक्स ब्रेस किंवा बुडाचा ठोकळा फुटलाय, कोणीतरी आधी गोंद लावून ठेवलाय. शेवटचं कारागिराला आधीच सांगा, कुठला गोंद तेही सांगा. लपवलेल्या सुपरग्लूमुळे त्याचा सगळा अंदाज चुकतो. आणि गिटार जुनी, हाताने बनवलेली किंवा मौल्यवान असेल तर नुसता नट बसवायचा असला तरी आधी त्याला दाखवा.

कारागिराकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या, फोटोंसह, आणि त्यात दोन आकडे वेगळे मागा: दुरुस्तीचा खर्च, आणि दुरुस्तीनंतर उरणारी किंमत. जोडलेला हेडस्टॉक आवाजात कळत नसला तरी विकताना किंमत ठळकपणे उतरते, आणि विक्रेत्याने देऊ केलेली अर्धी भरपाई बहुधा फक्त पहिला आकडा धरते. गिटार परत पाठवणं हाच चांगला मार्ग ठरला तरी विक्रेत्याच्या लेखी संमतीशिवाय पाठवू नका.

परत पाठवताना तारा एक ते दीड स्वर उतरवा. मोडक्या हेडस्टॉकवर मात्र पूर्ण सैल करा आणि गळ्याभोवती चिकट नसलेलं प्लास्टिक गुंडाळा, कारण टेप निघताना पॉलिश घेऊन निघते. ट्रेमोलोचा दांडा, कॅपो, बॅटरी बाहेर काढा. तारा आणि फ्रेट यांच्यात पुठ्ठ्याची पट्टी सरकवा. हेडस्टॉकच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना मऊ कागद इतका भरा की तो हलणार नाही, पण टोक केसच्या भिंतीला टेकू देऊ नका: टेकलं तर केस उभी पडल्यावर पूर्ण वजन तिथूनच नेकवर जातं. केस आणि खोका यांच्यात चहूबाजूंनी किमान ५ सेंटीमीटर भरण, डोक्याकडे आणि बुडाकडे आणखी. गिटार देशाबाहेर जाणार असेल तर लाकूड कोणतं ते बघा. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. खोका बंद केल्यावर उचलून चारही दिशांना हलवा. आत काही सरकल्याची चाहूल लागली तर पुन्हा उघडून आणखी भरण घाला, आणि हे सगळं पॅकिंगही व्हिडिओत घ्या.